पहिलं वाक्य कोणाचं?

मराठी वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या बातमीचं पहिलं वाक्य फार कमी वेळा बातमीदाराचं असतं. ते पोलीस ठाण्यातल्या फिर्यादीचं असतं, जिल्हा माहिती कार्यालयाच्या पत्रकाचं असतं, मंत्र्याच्या स्वीय सहायकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या मजकुराचं असतं, नाहीतर वृत्तसंस्थेच्या इंग्रजी कॉपीच्या घाईघाईने केलेल्या भाषांतराचं असतं. बातमीची सुरुवात, म्हणजे इंट्रो, कमकुवत का होतो याचा विचार करताना आपण शब्दसंपत्तीकडे जातो, शैलीकडे जातो, वाचनाच्या अभावाकडे जातो. माझं म्हणणं वेगळं आहे. इंट्रो दुबळा होतो तो उसना असल्यामुळे. ज्याला चांगला इंट्रो लिहायला शिकायचं आहे त्याने आधी एकच गोष्ट शिकावी: हातात आलेलं वाक्य कोणाच्या सोयीचं आहे, हे ओळखणं.

पत्रकांची गोष्ट सोपी आहे, म्हणून ती आधी. तालुक्यातल्या एखाद्या रस्त्याचं भूमिपूजन होतं. पत्रकाचं पहिलं वाक्य आमदारांच्या शुभहस्तांनी सुरू होतं, मान्यवरांच्या प्रमुख उपस्थितीतून पुढे सरकतं आणि ‘मोठ्या उत्साहात संपन्न झाले’ इथे थांबतं. डेस्कवरचा उपसंपादक त्यातलं ‘शुभ’ काढतो, ‘संपन्न’चं ‘पार पडले’ करतो आणि कॉपी पुढे पाठवतो. रस्ता कुठून कुठे जाणार, किती दिवस बंद राहणार, मागच्या पावसाळ्यात वाहून गेलेला तो हाच का, यातलं काही शेवटच्या परिच्छेदातही येत नाही. उपसंपादकाने वाक्य सुधारलं खरं, पण ते आमदारांचंच राहिलं.

अमेरिकन लेखिका नोरा एफ्रन आपल्या शाळेतल्या पत्रकारितेच्या वर्गाची एक आठवण सांगत असत. बेव्हर्ली हिल्स हायस्कूलमधले त्यांचे शिक्षक चार्ल्स सिम्स यांनी मुलांना मजकूर दिला. मुख्याध्यापकांनी जाहीर केलं आहे की येत्या गुरुवारी सगळे शिक्षक नव्या अध्यापनपद्धतींवरच्या परिषदेसाठी सॅक्रमेंटोला जाणार आहेत. तिथे मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड, शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट हचिन्स आणि कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर पॅट ब्राउन बोलणार आहेत. याचा इंट्रो लिहा. मुलांनी तीच नावं मागेपुढे करून वाक्यं जुळवली. सिम्स यांनी कागद गोळा केले, चाळले आणि सांगितलं की बातमी आहे ती अशी: गुरुवारी शाळेला सुट्टी.

ही गोष्ट पत्रकारितेच्या वर्गांत आटोपशीर लिहिण्याचा धडा म्हणून सांगतात. मला तिचं महत्त्व दुसरीकडे दिसतं. सुट्टीचा उल्लेख दिलेल्या मजकुरात कुठेच नव्हता. तो वाचकाच्या आयुष्यात होता, आणि मजकुराबाहेर पाहिल्याशिवाय सापडणार नव्हता. मुख्याध्यापकांचं वाक्य मुख्याध्यापकांच्या बाजूने पाहत होतं, सिम्स यांचं वाक्य वर्गात बसलेल्या मुलांच्या बाजूने. भूमिपूजनाच्या बातमीतही असं एक वाक्य असतंच. गावात एसटी पावसाळ्यापर्यंत येणार नसेल, तर ज्या मुली त्या एसटीने कॉलेजला जातात त्यांच्यासाठी बातमी तेवढीच आहे. मात्र ते लिहायचं तर आगारात फोन करावा लागतो.

मृत्यूच्या बातमीत हे उसनेपण फार महाग पडतं. समजा, शहराच्या कडेच्या एका गृहसंकुलात सेप्टिक टँक साफ करायला उतरलेले तीन कामगार गुदमरून मेले. दुसऱ्या दिवशीचा इंट्रो मराठी वाचक न पाहता सांगू शकेल: ‘येथील एका गृहसंकुलातील सांडपाण्याच्या टाकीची स्वच्छता करीत असताना गुदमरून तीन कामगारांचा दुर्दैवी मृत्यू झाल्याची घटना मंगळवारी सकाळी घडली.’ मग परिसरात हळहळ व्यक्त होते आणि पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात.

या वाक्याचं व्याकरण नीट पाहिलं पाहिजे. त्यात मुख्य क्रियापद एकच, ‘घडली’, आणि ते घटनेचं. तीन माणसं षष्ठी विभक्तीत जाऊन बसली आहेत. ‘स्वच्छता करीत असताना’ या शब्दांमुळे असं वाटतं की ते तिघे स्वतःच्या मनाने सकाळी उठून तिथे उतरले. त्यांना कोणी बोलावलं, किती पैसे ठरले, दोर होता का, वर कोण उभं होतं, या प्रश्नांना वाक्यात जागाच ठेवलेली नाही. ‘दुर्दैवी’ हे विशेषण तर सर्वांत वाईट. ते दिसायला सहानुभूतीचं आहे, पण काम करतं जबाबदारी नाहीशी करण्याचं; दैवावर गुन्हा दाखल करता येत नाही.

आता याच वाक्याला खरा कर्ता देऊन पाहा. ‘अमुकने कामगारांना टाकीत उतरवलं.’ अमुकच्या जागी काय लिहायचं? बातमीदाराकडे उत्तर नाही, कारण पोलीस ठाण्यात ते कोणी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. इथे व्याकरण बातमीदाराला कामाला लावतं. सोसायटीच्या सचिवाला फोन करावा लागतो, ठेकेदाराला गाठावं लागतं, शवागाराबाहेर बसलेल्या नातेवाइकांशी बोलावं लागतं. आणि कायदाही ठाऊक असावा लागतो. हाताने मैला साफ करायला बंदी घालणारा २०१३ चा कायदा पुरेशा सुरक्षासाधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला मनाई करतो. पहिल्या गुन्ह्यालाच दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये १९९३ पासूनच्या अशा मृत्यूंसाठी प्रत्येकी १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाखांवर नेली. हे ज्याच्या डोक्यात आहे त्याच्या हातून ‘दुर्दैवी’ लिहिलं जाणार नाही.

फोन करून झाले, खातरजमा झाली, की इंट्रो असा होऊ शकतो: ‘ठेकेदाराने मंगळवारी सकाळी एका कामगाराला मास्क आणि दोराशिवाय सेप्टिक टँकमध्ये उतरवलं. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, त्या दोघांना काढायला तिसरा. तिघेही मरण पावले.’ अशा टाक्यांमध्ये हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो, काही श्वासांतच शुद्ध हरपते आणि म्हणून वाचवायला गेलेलाही आत राहतो. ही साखळी अशा अनेक मृत्यूंमध्ये दिसते आणि बातम्यांमध्ये ती सहाव्या परिच्छेदात असते. वरच्या तीन वाक्यांत एकही जोरकस शब्द नाही, एकही विशेषण नाही. तरी ती वाचणारा माणूस पान उलटणार नाही, आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत टाकी साफ करण्याचा विषय निघाला तर त्याला ती आठवतील.

इथे मराठी वाक्याच्या घडणीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण पत्रकारितेचे धडे आपण बहुतेक इंग्रजीतून घेतले आणि ते मराठीच्या अंगाने पुरते तपासले नाहीत. इंग्रजी वाक्य कर्ता आणि क्रियापद पहिल्या चार-पाच शब्दांत सांगून मोकळं होतं. बाकीचा तपशील मागे जोडत जाता येतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं हे सहा ‘क’ एकाच वाक्यात बसवायचा नियम जसाच्या तसा पाळला, की वाचक चाळीस शब्द क्रियापदाची वाट पाहत चालतो आणि शेवटी त्याला मिळतं ‘करण्यात आले आहे’. वृत्तसंस्थेच्या कॉपीच्या भाषांतरात हे रोज होतं. इंग्रजीत जे वाक्य धावतं ते मराठीत धापा टाकतं. याला उपाय एकच, वाक्य तोडायचं. मराठी इंट्रो दोन किंवा तीन छोट्या वाक्यांचा असायला काहीच हरकत नाही. पहिल्या वाक्याने गोष्ट सांगावी, दुसऱ्याने ठिकाण आणि वेळ.

दुसरी गोष्ट जोराची. मराठीत क्रियापदाच्या लगेच आधी जे येतं त्यावर वाक्याचं वजन पडतं. ‘ठेकेदाराने त्यांना टाकीत उतरवलं’ आणि ‘त्यांना टाकीत ठेकेदाराने उतरवलं’ ही दोन वाक्यं एकच माहिती देतात, पण पहिलं टाकीकडे बोट दाखवतं, दुसरं ठेकेदाराकडे. बोलताना हे प्रत्येक मराठी माणसाला जमतं. भाजीवाल्याशी भांडताना कोणीही जोर चुकीच्या शब्दावर देत नाही. लिहायला बसलं की मात्र हीच माणसं ही देणगी बाजूला ठेवतात, कारण डोळ्यांसमोर दुसऱ्या कोणाचा तरी मजकूर उघडा असतो. इंट्रो लिहिताना मूळ पत्रक पालथं घालून ठेवावं, असं मी शिकणाऱ्यांना आग्रहाने सांगतो.

मराठी पत्रकारितेत हे उसनेपण मुळापासून होतं असं नाही. लोकमान्य टिळकांचा ‘केसरी’ घ्या. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असं १८९७ मध्ये विचारणाऱ्या पत्राचं पहिलं वाक्य संपादकाचंच होतं, आणि त्याच वर्षी ‘केसरी’तल्या लेखनाची किंमत त्यांनी तुरुंगात मोजली. पण ते मताचं वाक्य होतं. बातमीला स्वतःचं स्थान मिळालं ते पुढे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. ना. भि. परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला आणि अग्रलेखापेक्षा बातमीला, पुढाऱ्यांपेक्षा सामान्य वाचकाच्या रोजच्या जगण्याला महत्त्व दिलं. मत आणि बातमी वेगळी करण्याचं हे वळण मोलाचं होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र मत काढून घेतल्यावर पहिल्या वाक्यात जी जागा मोकळी झाली, तिथे बातमीदाराचा शोध यायला हवा होता. अनेक ठिकाणी तिथे पत्रक येऊन बसलं, आणि त्याला आपण तटस्थता म्हणू लागलो.

तटस्थ इंट्रोच्या जन्माची जी कथा सांगितली जाते तिच्यातही ही गुंतागुंत आहे. अमेरिकन यादवी युद्धात तारा कधी तुटतील याचा भरवसा नव्हता, म्हणून बातमीदार महत्त्वाचं आधी पाठवू लागले आणि उलट्या पिरॅमिडची पद्धत रूढ झाली, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मिंडिच यांनी वेगळीकडे लक्ष वेधलं आहे. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा नव्या पद्धतीचा कोरडा, महत्त्वाच्या क्रमाने मांडलेला मजकूर वर्तमानपत्रांत आला तो युद्धमंत्री एडविन स्टँटन यांच्या तारांमधून. म्हणजे युद्धकाळात तारयंत्रणेवर आणि बातम्यांवर ज्याचं नियंत्रण होतं त्या मंत्र्याची शैली पुढे पत्रकारांची झाली. हा वाद इतिहासकारांनी सोडवावा. मला त्याच रात्रीची दुसरी तार जास्त शिकवते. असोसिएटेड प्रेसचे वॉशिंग्टनमधले बातमीदार लॉरेन्स गोब्राइट यांनी पहिल्यांदा पाठवलं ते एकच वाक्य होतं: राष्ट्राध्यक्षांवर आज रात्री नाट्यगृहात गोळी झाडण्यात आली आणि ते कदाचित प्राणांतिक जखमी झाले आहेत.

या वाक्यातला ‘कदाचित’ मला त्यातला सर्वांत भक्कम शब्द वाटतो. गोब्राइटना जेवढं कळलं होतं तेवढं त्यांनी ठामपणे लिहिलं आणि जिथे त्यांचं ज्ञान संपत होतं तिथे तसं सांगितलं. लिंकन दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. ताकदीचा इंट्रो म्हणजे छातीठोक इंट्रो, असा एक समज नव्या मुलांमध्ये असतो; टीव्हीवरच्या ‘सर्वांत मोठी बातमी’ने तो पक्का केला आहे. आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही याची सीमा पहिल्याच वाक्यात दाखवता येणं ही लेखनातली अवघड गोष्ट आहे. ती साधते ती स्वतः चौकशी केलेल्या माणसालाच. उसन्या वाक्यात अशी सीमा दिसत नाही, कारण वाक्य देणारा ती पुसूनच देतो.

ऑगस्ट १९४५ नंतरच्या हिरोशिमाच्या बातम्यांत हा फरक उघडा पडला. ऑस्ट्रेलियन पत्रकार विल्फ्रेड बर्चेट अमेरिकन लष्कराने आखलेल्या दौऱ्यांबाहेर एकटे आगगाडीने हिरोशिमात पोहोचले. लंडनच्या ‘डेली एक्स्प्रेस’मध्ये ५ सप्टेंबर रोजी छापून आलेल्या त्यांच्या बातमीचं पहिलंच वाक्य सांगत होतं की बाँब पडून तीस दिवस झाले तरी, स्फोटात इजाही न झालेली माणसं एका अज्ञात कारणाने अजून मरत आहेत. त्या कारणाचं नाव त्यांना माहीत नव्हतं आणि ते तसं म्हणाले. आठ दिवसांनी, १३ सप्टेंबरला, ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये हिरोशिमाच्या अवशेषांत किरणोत्सर्ग नाही अशा मथळ्याची बातमी आली. तिचा आधार लष्करी अधिकाऱ्याचं निवेदन होता. दोन्ही बातमीदार हिरोशिमात जाऊन आले होते. एकाने इस्पितळातल्या खाटांवर जे पाहिलं ते पहिल्या वाक्यात ठेवलं, दुसऱ्याच्या बातमीत तिथे निवेदन होतं. पुढे किरणोत्सर्गाने किती माणसं गेली हे जगाला कळलं आहे.

आपल्याकडचं उदाहरण जवळचं आहे आणि जास्त बोचणारं. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना, आई, मुलगी आणि दोन मुलांना, गावातल्या जमावाने ठार केलं. सुरुवातीच्या बातम्या छोट्या होत्या, आणि अनैतिक संबंधांच्या रागातून गावकऱ्यांनी कायदा हातात घेतला अशी मांडणी त्यांत होती. जमिनीचा वाद, जातीचा आकस, एका मारहाणीच्या प्रकरणात आई आणि मुलीने दिलेली साक्ष, हे सगळं नंतर पुढे आलं. सत्यशोधन समित्या आणि दलित कार्यकर्ते यांनी ते आणलं. राज्यभर संताप उसळेपर्यंत महिना उलटून गेला होता. एवढा उशीर का झाला याची अनेक कारणं आहेत. त्यातलं एक कारण पहिल्या वाक्यात होतं. वाचकाने ‘अनैतिक संबंध’ वाचलं आणि पुढे जाण्याची गरज त्याला वाटली नाही.

गुन्ह्यांच्या मराठी बातम्यांतला हा पंचमीचा प्रत्यय मला फार काळजीचा वाटतो. ‘पूर्ववैमनस्यातून’, ‘प्रेमप्रकरणातून’, ‘किरकोळ वादातून’, ‘चारित्र्याच्या संशयातून पत्नीचा खून’. ‘तून’ लागला की गुन्ह्याचं कारण सिद्ध झाल्यासारखं होतं. चारित्र्याचा संशय होता हे कोणी सांगितलं? ज्याने खून केला त्याने, पोलिसांना, पकडला गेल्यावर. म्हणजे मारणाऱ्याचा बचाव आपण मेलेल्या बाईच्या बातमीचं पहिलं वाक्य म्हणून छापतो, आणि बाजू मांडायला ती हयात नसते. तिने आधी पोलिसांत तक्रार केली होती का, माहेरी निघून आली होती का, तिच्या नावावर घर होतं का, तिला मारहाण होते हे शेजाऱ्यांना माहीत होतं का, यातल्या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं तरी इंट्रो बदलतो: ‘नवरा मारहाण करतो अशी तक्रार तिने दोन महिन्यांपूर्वी पोलिसांकडे केली होती. काल रात्री त्याने तिचा खून केल्याचा गुन्हा नोंदवला गेला.’ गुन्ह्याची नोंद तीच, फक्त आता वाचक पोलीस ठाण्याकडे प्रश्न घेऊन पाहतो.

बातमीदाराचं स्वतःचं वाक्य म्हणजे नेहमी चांगलं वाक्य, असं मात्र मी म्हणणार नाही. १९८१ च्या एप्रिलमध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’चे अश्विनी सरिन यांनी मध्य प्रदेशातल्या शिवपुरीजवळच्या खेड्यातली एक बाई २,३०० रुपयांना विकत घेतली, आणि बातमीची सुरुवातच आपण काल ती विकत घेतली अशी केली. भारतीय पत्रकारितेत एवढा हादरवणारा इंट्रो क्वचित लिहिला गेला असेल. बाजार आहे हे सांगणाऱ्या अधिकाऱ्याची त्याला गरज नव्हती. खरेदीदार स्वतः बोलत होता. त्याच वर्षी, स्वतः अनेक वर्षं पत्रकारितेत काढलेल्या विजय तेंडुलकरांनी ‘कमला’ लिहिलं. त्या नाटकातला पत्रकार जयसिंग जाधव विकत आणलेल्या कमलेला पत्रकार परिषदेत उभी करतो, आणि घरी कमला त्याच्या बायकोला विचारते की तुला कितीला घेतलं. सरिन यांच्या बातमीने एका भीषण व्यवहारावर प्रकाश टाकला हे खरंच आहे. तेंडुलकरांनी पाहिलं ते एवढंच की त्या वाक्याचा कर्ता ‘मी’ आहे आणि जिची ती गोष्ट ती कर्माच्या जागी. इतक्या शोधानंतर, इतक्या धाडसानंतरही ती वाक्यात वस्तूच राहिली. नाटक आल्यामुळे हा प्रश्न मराठी पत्रकारांना इतरांपेक्षा आधी विचारला गेला. त्याचा आपण पुरेसा उपयोग केला नाही.

माझ्या मांडणीवर घेतले जाणारे आक्षेप मला माहीत आहेत आणि ते खोटे नाहीत. पहिला कायद्याचा. पोलिसांच्या किंवा न्यायालयाच्या हवाल्याशिवाय लिहिलं तर अब्रुनुकसानीचा दावा होतो. भारतीय दंड संहितेत त्याला कलम ४९९ आणि ५०० होतं, आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. हवाला हवाच. पण हवाला देणं वेगळं आणि हवाला देणाऱ्याची नजर उचलणं वेगळं. ‘पोलिसांनी सांगितले’ हे दोन शब्द दुसऱ्या वाक्यात येऊ शकतात, आरोप हा आरोपच आहे हे शब्दांतून स्पष्ट ठेवता येतं, आणि तरी पहिल्या वाक्यात कोणाला उभं करायचं हा निर्णय बातमीदाराच्या हातात राहतो. ज्याने तीन ठिकाणी विचारलं आहे त्याची बाजू कोर्टातही एका पत्रकावर विसंबलेल्यापेक्षा भक्कम असते.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि पैशांचा, आणि त्यापुढे मी नमतं घेतो. तालुक्याचा वार्ताहर तुटपुंज्या मानधनावर काम करतो. त्याचा दुसरा काहीतरी धंदा असतो, म्हणूनच त्याचं घर चालतं. ज्या आमदाराच्या भूमिपूजनाची बातमी त्याला लिहायची आहे त्याच आमदाराच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी त्याला जाहिरात आणायची असते. अशा माणसाला ‘शुभहस्ते’ खोडायला सांगणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय ठेवणं आहे. त्याच्या इंट्रोची भाषा सुधारण्याची शिबिरं घेतली जातात. त्याच्यावरचं जाहिरातीचं ओझं काढण्याबद्दल त्या शिबिरांत कोणी बोलत नाही. बातमी आणि वसुली एकाच माणसाकडे असेल तोवर त्याचं पहिलं वाक्य त्याचं होणार नाही, आणि याचा दोष त्याच्या मराठीला देऊ नये. हे मालकांनी आणि संपादकांनी सोडवायचं काम आहे.

मोबाइलवर बातमी वाचण्याचे दिवस आले तसं आणखी एक उसनं वाक्य आलं. ‘नेमकं काय घडलं? वाचा सविस्तर’. काय घडलं हे सांगणं हे ज्या वाक्याचं काम, तेच वाचकाला काय घडलं असं विचारतं. क्लिक मोजणाऱ्या यंत्रणेला हवं म्हणून हे वाक्य लिहिलं जातं. यावर मला फार लिहावंसं वाटत नाही. एवढंच म्हणतो की अपघाताची बातमी असेल आणि वाचकाच्या घरचं कोणी त्या रस्त्याने गेलेलं असेल, तर गाडी कुठली आणि ठिकाण कोणतं हे दडवून ठेवणं हे क्रौर्य आहे.

मग शिकवायचं कसं? गाजलेल्या इंट्रोंची यादी पाठ करून घेणं उपयोगाचं नाही, त्यातून फक्त नक्कल येते. शिकणाऱ्याला एकाच घटनेची तीन कागदपत्रं द्यावीत: पोलिसांची नोंद, सरकारी पत्रक, आणि घटनेत सापडलेल्या माणसाशी झालेल्या बोलण्याची टिपणं. प्रत्येकातून एक इंट्रो लिहायला लावावा. ते तिन्ही शेजारी ठेवले की मुलांना न सांगता कळतं की वाक्य बदललं ते शब्दांमुळे नव्हे, उभं राहण्याच्या जागेमुळे. मग चौथा इंट्रो लिहायला सांगावा, आणि तो लिहिण्याआधी कोणती माहिती कमी पडते ते कागदावर मांडायला लावावं. माझ्या अनुभवात खरं शिक्षण या कमी पडणाऱ्या माहितीच्या कागदावर होतं. तो कागद म्हणजे उद्या कोणाकोणाला भेटायचं त्यांची यादी असते.

डेस्कवरही असंच काही करता येईल. आठवडाभर पान एकच्या प्रत्येक बातमीच्या इंट्रोसमोर, पान छापायला जाण्याआधी, ते वाक्य कोणाचं हे पेन्सिलीने लिहावं: पोलिसांचं, पत्रकाचं, मंत्र्याचं, वृत्तसंस्थेचं, बातमीदाराचं. सकाळच्या बैठकीत मथळ्यांची चर्चा होते तिथे त्या खुणा वाचून दाखवाव्यात. ज्या एखाद्या बातमीसमोर बातमीदाराचं नाव असेल, त्याला त्याने कोणाकोणाला फोन केले आणि कोणी काय सांगायला नकार दिला हे सगळ्यांसमोर विचारावं. आणि ज्या दिवशी असं एकही नाव नसेल त्या दिवशी, कोणावर न रागावता, दुपारपर्यंत दोन बातमीदारांना प्रेस कॉन्फरन्सच्या यादीतून मोकळं करावं.